हवापाण्याच्या गोष्टी

आपल्याकडे दोन माणसें ओट्यावर बसून उगाच वेळ काढीत असलीं कीं, "चालल्यात हवापाण्याच्या गोष्टी!" असें आपण म्हणतों. ज्यांत कामाचें कांहीं नाहीं, ज्या ऐकल्या काय आणि न ऐकल्या काय सारख्याच, अशा त्या गोष्टी. आम्हीहि आजवर तसेंच म्हणत आलों. परंतु गेल्या हिवाळ्यांत आम्हां उभयतांस नॉटिंगहॅम येथें चिरंजीवांकडे पांचसहा महिने राहण्याचा योग आला, आणि ह्या बोलण्याविषयींचें आमचें मत पालटलें. तें कसें पालटलें हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलेंबाळें आज त्या देशांत नोकरीधंद्यास आहेत, दर वर्षीं कोणी ना कोणी आईबाप लोणच्यांच्या बरण्या गुंडाळून तिकडे निघत असतात, आणि परत आल्यावर त्यांच्या तोंडून एक तक्रार हटकून ऐकूं येते: "तिकडे सगळं आहे हो, पण माणसं बोलत नाहींत."

आमचीहि पहिल्या महिन्यांत हीच तक्रार होती.

नॉटिंगहॅम हें इंग्लंडच्या मध्यभागीं वसलेलें शहर. एके काळीं येथील यंत्रावर विणलेली लेस दूरदूरच्या देशांत जात असे, आणि जुन्या वखारींच्या त्या भागास अजूनहि लेसचा बाजार असेंच नांव आहे. चिरंजीवांचें बिऱ्हाड त्यापासून दूर, उपनगरांत. मधली एक भिंत सामाईक ठेवून खांद्याला खांदा लावून उभीं केलेलीं जोडघरें तिकडे गल्लोगल्लीं दिसतात. त्यांपैकींच हें एक. भिंतीपलीकडे ऐंशीच्या घरांतल्या एक विधवा बाई एकट्याच राहत. दोन्ही परसांच्या मध्यें छातीइतक्या उंचीचें लांकडी कुंपण होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही परसांत उभे असतां बाई कुंपणाशीं आल्या आणि म्हणाल्या, "आज जरा गारवा आहे, नाहीं?"

"आहे खरा," आम्ही म्हणालों.

"पण कोरडं आहे, हें एक बरं," असें म्हणून त्या आंत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशीं वारा सुटला असल्याची वर्दी आली. तिसऱ्या दिवशीं दुपारून ऊन पडेल असें वाटतें, असें कळलें. तीन आठवडे हेंच चाललें. आमचें नांव काय, आम्हांस मुलें किती, चिरंजीवांस पगार काय, फोडणीचा वास कसला येतो, ह्यांपैकीं एकहि प्रश्न बाईंनीं विचारला नाहीं. आम्ही तर सर्व उत्तरें तयार ठेवून गेलों होतों. पुण्यांतल्या एखाद्या वाड्यांत तीन आठवड्यांत आमचें गोत्रसुद्धां सगळ्यांस ठाऊक झालें असतें! सौ.नें निकाल देऊन टाकला: "बाई सभ्य आहेत, पण कोरड्या."

नोव्हेंबरांत एकदां बाई हात चोळीत म्हणाल्या, "काय मेली थंडी पडली आहे!" आम्हांस वाटलें, परक्या देशाची वाखाणणी करण्याची ही संधि आहे. आम्ही म्हणालों, "छे, छे! ही कसली थंडी? अगदीं आल्हाददायक आहे." बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या, "हो का?" म्हणाल्या, आणि आंत गेल्या. संध्याकाळीं हा प्रसंग सांगतांच चिरंजीव मोठ्यानें हंसले. "बाबा, हवेबद्दल त्यांनीं कांहीं म्हटलं, तर आपण हो म्हणायचं असतं. तो प्रश्न नसतो."

केट फॉक्स नांवाच्या मानवशास्त्रज्ञ बाईंनीं २००४ सालीं आपल्याच इंग्रज समाजाच्या चालीरीतींवर एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं हाच नियम मांडला आहे. हवेविषयींचें वाक्य हवेविषयीं नसतेंच. माकडें एकमेकांच्या अंगावरचे केस जसे निवडीत बसतात, तसा तो केवळ जवळिकीचा व्यवहार असतो, आणि म्हणून त्यास होकारच द्यावयाचा असतो. "थंडी आहे" ह्यास "नाहीं" म्हणणें हें पुढें केलेला हात झिडकारण्यासारखें आहे. आम्ही जरा खजील झालों. कारण शेजाऱ्याच्या हातांत भाजीची पिशवी धडधडीत दिसत असून "काय, मंडईंत वाटतं?" असें आपणहि विचारतोंच. त्यावर कोणी "दिसत नाहीं का?" म्हणालें, तर आपणांस कसें वाटेल?

मात्र बोलण्यास हवाच कां निवडली, ह्यास कांहीं कारण आहे. तिकडे पाऊस फार, म्हणून पावसाच्या गोष्टी फार, ही आपली समजूत बरोबर नव्हे. लंडनला वर्षभरांत सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याहूनहि कमी, आणि मुंबईच्या तर तिसऱ्या हिश्शाइतकाहि नाहीं. आपला पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकून जातो; त्यांचा बाराहि महिने थेंबथेंब गळत असतो. अटलांटिक महासागरावरून येणारी ओलसर, उबदार हवा आणि उत्तरेकडील थंड हवा ह्यांची गांठ नेमकी ह्या बेटांच्या आसपास पडते, त्यामुळें सकाळचें ऊन दुपारपर्यंत टिकेल असें कोणासहि छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. आपल्याकडे फेब्रुवारींत "आज पाऊस पडला नाहीं" असें कोणी सांगूं लागला तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करावी लागेल. तेथें ती बातमी असते. जेथें निश्चितता आहे तेथें बोलण्यासारखें काय उरणार? मृगापूर्वींच्या पंधरवड्यांत आपणहि थोडेसे इंग्रज होतोंच कीं. डॉ. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनीं १७५८ सालींच आपल्या देशबांधवांच्या ह्या सवयीवर निबंध लिहिला होता, ह्यावरून ती किती मुरलेली आहे हें दिसतें.

ह्या हवेपायीं एका मोठ्या माणसाचा जीव गेला आहे. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून जगप्रवासास गेला, त्या जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय. १८५४ सालीं सरकारनें समुद्रावरील हवेचीं टिपणें गोळा करण्यासाठीं एक लहानसें खातें काढून त्यावर त्याची नेमणूक केली. आजची तेथील वेधशाळा ती हीच. १८५९ च्या आक्टोबरांत ऑस्ट्रेलियाहून सोनें घेऊन परतणारें 'रॉयल चार्टर' नांवाचें जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें आणि चारशेंहून अधिक माणसें बुडालीं. फिट्झरॉयनें मनावर घेतलें. ठिकठिकाणच्या बंदरांतून तारेनें हवामान मागवावयाचें, वादळ येतेंसें दिसलें कीं बंदरांवर खुणेचे शंकू चढवावयाचे, अशी व्यवस्था त्यानें केली. आणि १ ऑगस्ट १८६१ रोजीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांत सामान्य जनतेसाठीं पहिला हवेचा अंदाज छापला गेला. अंदाज कधीं बरोबर ठरत, कधीं चुकत. चुकले कीं टवाळी होई. १८६५ सालीं ह्या थकलेल्या माणसानें स्वतःच्या हातानें आपलें आयुष्य संपविलें. पुढें १३७ वर्षांनीं, २००२ सालीं, रेडिओवरील सागरी वार्तापत्रांतल्या एका समुद्रभागास फिट्झरॉय हें नांव देण्यांत आलें.

हें सागरी वार्तापत्र ऐकण्याचा आम्हांस नित्य योग येई, आणि तोहि भिंतींतून. बाईंनीं जन्मांत कधीं होडींत पाय ठेवला नव्हता. पण मध्यरात्र उलटून गेल्यावर त्यांच्या उशाशींचा रेडिओ लागे, आणि एक शांत आवाज समुद्रांचीं नांवें घेऊं लागे: व्हायकिंग, फॉर्टीज, डॉगर, फिशर, जर्मन बाइट... नांवामागून वारा, पाऊस आणि दृष्टि कोठवर पोहोंचते तें. आमच्या आजी निजतांना व्यंकटेशस्तोत्र पुटपुटत, त्याची आम्हांस आठवण होई. भिंत पातळ होती. ती दोन्ही बाजूंनीं पातळ आहे, हें मात्र तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

आतां थोडें बोलीविषयीं. आमचें इंग्रजी रेन व मार्टिन ह्यांच्या व्याकरणावर पोसलेलें. कोपऱ्यावरच्या दुकानदारानें सुटे पैसे देतांना आम्हांस "डक" म्हणजे बदक म्हटलें, तेव्हां आम्ही दचकलोंच. पुढें कळलें कीं नॉटिंगहॅम, डर्बी ह्या भागांत हें लडिवाळ संबोधन आहे, आणि तें पुरुषांसहि लागू असतें. न्यूकॅसलला ह्याच जागीं 'पेट' म्हणतात, यॉर्कशायरमध्यें 'लव्ह', ग्लासगोला बायकांस 'हेन'. सहा वर्षांचा आमचा नातू बसला 'बुस' म्हणे आणि कपाला 'कुप', आम्ही त्याचे उच्चार सुधारूं गेलों, तर सूनबाई म्हणाली, "राहूं द्या, बाबा. शाळेंत सगळीं तसंच म्हणतात. वेगळं बोलला तर चिडवतील."

ती बोलली तें खोटें नव्हतें. त्या देशांत तोंड उघडतांच माणसाचा गांव तर कळतोच, पण बाप काय करीत होता तेंहि कळतें. बर्नार्ड शॉचें 'पिग्मॅलियन' नाटक १९१४ सालीं लंडनच्या रंगभूमीवर आलें तें ह्याच दुखण्यावर, आणि पु. ल. देशपांडे ह्यांना १९७५ सालीं त्याची 'ती फुलराणी' करतां आली, कारण तें दुखणें आपल्याहि घरीं आहे. नॉटिंगहॅमजवळच्या ईस्टवुडच्या खाणकामगाराचा मुलगा डी. एच. लॉरेन्स, त्याच्या १९१३ सालच्या 'सन्स अँड लव्हर्स' ह्या कादंबरींत बाप गांवची बोली बोलतो आणि आई शुद्ध इंग्रजी. एका चुलीपाशीं दोन भाषा आणि त्यांच्यांत न संपणारें भांडण. बी.बी.सी.नें १९२६ सालीं उच्चारांची शुद्धाशुद्धता ठरविण्यासाठीं विद्वानांची समिति नेमली होती. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ सालीं, विल्फ्रेड पिकल्स ह्या यॉर्कशायरच्या गृहस्थांस बातम्या वाचावयास बसविलें, तर आपल्या उत्तरेकडील बोलीमुळें ते श्रोत्यांच्या टीकेस पात्र झाले. आज तसें राहिलें नाहीं. रेडिओवर सर्व तऱ्हेच्या बोली ऐकूं येतात. पण चिरंजीव घरीं एका आवाजांत बोलतात आणि कचेरीचा फोन आला कीं दुसऱ्या, हें आम्हीं स्वतः ऐकलें. भिंतीपलीकडेहि तोच प्रकार. आमच्याशीं बोलतांना बाईंचें इंग्रजी घांसून पुसून लख्ख असे. रविवारीं बहिणीचा फोन आला कीं तें एकदम सैल, उंच आणि हंसरें होई. आणि तेव्हां आम्हांस त्यांतलें एक अक्षर समजत नसे. त्या खाणींत काम करणाऱ्याच्या मुलगी. तरुणपणीं टेलिफोन खात्यांत नोकरी धरतांना त्यांना आपली बोली उंबऱ्याबाहेर ठेवावी लागली, हें पुढें कळलें.

घरांतल्या सामानाची गोष्ट ह्याहून बिकट. सूनबाईनें दिवाळीच्या सुमारास बैठकीसाठीं गादीचें नवें लांब आसन घेतलें. तिनें त्यास सोफा म्हटलें, बाईंनीं सेटी म्हटलें. आम्हांस दोन्ही सारखेंच. पण १९५४ सालीं ॲलन रॉस नांवाच्या प्राध्यापकानें एक निबंध लिहून वरच्या वर्गाचे शब्द कोणते आणि वर चढूं पाहणाऱ्यांचे कोणते, ह्याची छाननी केली. आणि पुढच्याच वर्षीं नॅन्सी मिटफर्ड ह्या लेखिकेनें तो विषय घरोघरीं पोहोंचविला. जेवतांना मांडीवर घ्यावयाच्या रुमालास काय म्हणावें, आरशास काय म्हणावें, बैठकीच्या खोलीस काय म्हणावें, ह्यांवरून माणसाची पायरी ठरूं लागली. म्हणजे बसावयाचें आसन तेंच; पण त्याचें नांव घेतांक्षणीं आपण कोठें बसावयाचें तें ठरलें! म्हणून तिकडे पाहुणा घरांत शिरल्यावर सामानाविषयीं फार बोलत नाहीं. "छान खोली आहे" म्हणतो आणि खिडकीबाहेर पाहतो. सौ.ला हें ठाऊक नव्हतें. बाईंनीं प्रथमच चहास बोलाविलें तेव्हां तिनें पडद्यास हात लावून आपल्या रीतीप्रमाणें मोकळेपणानें विचारलें, "केवढ्याला पडले?" बाईंनीं घसा साफ केला आणि म्हणाल्या, "आतां पाऊस येणारसं दिसतं."

ती खोली मात्र पाहण्यासारखी होती. भिंतींत कोळशाची शेगडी, पण ती विझून कैक वर्षें झालेलीं. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर कोळशाच्या धुराचें काळें धुकें पांच दिवस बसलें, त्यांत हजारों माणसें मेलीं, आणि १९५६ सालीं धूर आवरणारा कायदा झाला. पुढें घरोघर गरम पाण्याचे नळ भिंतींच्या कडेनें फिरून खोल्या ऊबदार करूं लागले. तरीहि खुर्च्यांचीं तोंडें शेगडीकडेच; तिच्या वरच्या कट्ट्यावर घड्याळ, फोटो, चिनीमातीचे कुत्रे. दाराच्या फटीशीं वारा अडविण्यासाठीं सापासारखी लांबट उशी. चहाच्या किटलीला लोकरीचें टोपडें. मोरींत गरम पाण्याची तोटी वेगळी आणि गारठ्याची वेगळी, त्यामुळें हात धुतांना एक भाजतो आणि एक गोठतो. ह्याचें समर्थन आम्हांस कोणीहि पटवून देऊं शकलें नाहीं.

आणि ज्या पडद्यांची किंमत सौ.नें विचारली, ते चिटाचे. मोठमोठीं गुलाबाचीं फुलें, वेली, पाखरें. इंग्रजींत ह्या कापडास 'चिंट्झ' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याच देशांतला आहे: छींट, आपली चीट. धुतली तरी रंग न जाणारी ही छपाई सतराव्या शतकांत इंग्रजांनीं येथून नेली, आणि तिकडच्या बायका तिच्यावर अशा लुब्ध झाल्या कीं लोंकर व रेशीम विणणारे विणकर चवताळले. १७०० सालीं कायदा करून असलें छापील कापड आणणें बंद केलें. १७२१ च्या दुसऱ्या कायद्यानें तें अंगावर वा घरांत वापरणेंहि गुन्हा ठरविलें. १७१९ सालीं लंडनमध्यें चिटाचे झगे घातलेल्या बायकांवर भर रस्त्यांत हल्ले झाले होते. ही बंदी उठली १७७४ सालीं, तोंपर्यंत तेथले कारागीर स्वतःच चीट छापावयास शिकले होते. पुढें ती इतकी घरगुती झाली कीं ती परक्या देशाची हें कोणाच्या स्वप्नींहि राहिलें नाहीं. १९९६ सालीं आयकिया ह्या स्वीडिश दुकानानें "चीट फेकून द्या" अशी जाहिरात केली, आणि जुन्या विलायती घराची खूण म्हणूनच ती पुष्कळांनीं फेकून दिली. बाईंनीं ठेवली होती.

एका रात्रीं हें सर्व मनांत घोळत असतां आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आठवून झोंप उडाली. पुण्याहून मुंबईस जातांना आगगाडींत समोर एक तरुण बसला होता. चांगला शिकलेला, नम्र. आम्हीं नांव विचारलें, त्यानें सांगितलें. पुढें? आम्हीं विचारलें. त्यानें वडिलांचें नांव सांगितलें. आडनांव काय? तेव्हां त्यानें गांवाचें नांव सांगितलें. आम्हीं पुन्हां विचारलें. तो खिडकीबाहेर पाहूं लागला आणि म्हणाला, "यंदा घाटांत पाऊस फार आहे, नाहीं?" आम्हांस त्या वेळीं तो तुसडा वाटला. आपण किती आपुलकीनें चौकशी करीत आहों, असें आम्ही समजत होतों. त्याला काय वाटत होतें, तें आम्हांस भिंतीपलीकडचे समुद्र ऐकतांना कळलें. हवेला आडनांव नसतें. सोफ्यावर बसणारा आणि सेटीवर बसणारा दोघेहि सारखेच भिजतात. म्हणून ज्या देशांत उच्चाराउच्चाराला पायऱ्या आहेत, तेथील लोकांनीं अनोळखी माणसाशीं बोलण्यास हा एक विषय राखून ठेवला असावा. हें त्यांच्या कोरडेपणाचें लक्षण असेल. भीतीचेंहि असेल. पण त्या तरुणाशीं आम्ही लोणावळ्यापर्यंत पावसाविषयीं बोललों असतों, तर आमचें काय बिघडलें असतें?

भेटवस्तूंचा मामला मात्र सौ.च्या अखत्यारींतला. दिवाळींत तिनें चकल्या व बेसनाचे लाडू भरून स्टीलचा डबा कुंपणावरून दिला. चार दिवसांनीं डबा परत आला: घांसलेला, चकचकीत, रिकामा; आणि आंत आभाराचें एक कार्ड, त्यावर लाडवांची तारीफ. सौ. हिरमुसली. "कार्ड काय करायचंय? रिकामा डबा परत करतात का कुणी?" सूनबाईनें समजूत घातली कीं तिकडे कार्ड हीच परतफेड. छापील नाताळ-कार्डें विकावयास काढण्याची टूम हेन्री कोल नांवाच्या गृहस्थानें १८४३ सालीं काढली. तेव्हांपासून ह्या लोकांनीं भावना कागदावर लिहून पाठविण्याची रीत जी धरली, ती सोडलेली नाहीं. तरी सूनबाईनें एक दिवस कुंपणाशीं हंसत हंसत आपल्याकडची डब्याची रीत बाईंच्या कानांवर घातली. बाई एवढेंच म्हणाल्या, "अस्सं."

नाताळांत त्यांनीं आम्हां दोघांस लोंकरीचे हातमोजे आणून दिले. आम्हीं आभार मानून पुडकीं न उघडतां बाजूस ठेवलीं, कारण देणाऱ्यासमोर उघडून पाहणें आपल्याकडे अधाशीपणाचें मानतात. बाई उभ्याच. चिरंजीवांनीं डोळ्यांनीं खुणावलें. मग तीं उघडलीं, हातांत घातलीं, वाखाणलीं, तेव्हां कोठें त्या खुर्चींत टेकल्या. आम्ही दिलेलें पितळी निरांजन त्यांनीं उलटसुलट करून पाहिलें आणि म्हणाल्या, "भलतंच वेगळं आहे." त्यांना तें आवडलें नाहीं अशी आमची खात्री झाली. दुसऱ्या दिवशीं रस्त्यानें जातांना खिडकींतून दिसलें: शेगडीवरच्या कट्ट्यावर, दोन चिनी कुत्र्यांच्या बरोबर मध्यें, निरांजन.

संक्रांतीला तिळाच्या वड्यांचा डबा गेला. त्याच आठवड्यांत सौ. तापानें पडली. खोकला असा कीं रात्ररात्र बसून काढावी लागे. मुलें सकाळीं आठाच्या आंतच कामाला जात, तेव्हां धड उजाडलेलें नसे, आणि दुपारीं चार वाजले नाहींत तों पुन्हां अंधार. परक्या देशांत, बंद खिडक्यांच्या घरांत, आजारी माणसाजवळ एकट्यानें बसणें म्हणजे काय, तें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस सांगावयास नको. तिसऱ्या दिवशीं नऊ वाजून गेले तरी आम्हीं पडदेहि उघडले नव्हते. दारावरची घंटा वाजली. बाहेर धुकें इतकें दाट कीं फाटक दिसत नव्हतें. बाई डोक्याला रुमाल बांधून उभ्या, हातांत आमचा डबा.

"रात्रभर धुकं फार होतं," त्या म्हणाल्या. "असलं धुकं घशाला फार लागतं."

आम्ही म्हणालों, "फार लागतं खरं." ह्या खेपेस आमचें उत्तर चुकलें नाहीं.

"ओसरेल दोन दिवसांत," त्या म्हणाल्या, डबा आमच्या हातीं दिला, आणि बर्फाळलेल्या पायऱ्यांवरून कठडा धरून हळूहळू परत गेल्या. डब्यांत शिजविलेलीं सफरचंदें होतीं, अजून ऊन. त्यांच्या परसांत ब्रॅम्ली जातीचें झाड आहे. ही आंबट, शिजवून खाण्याची जात मूळची तेथून जवळच्याच साउथवेल गांवची, आणि तिचीं फळें नीट ठेवलीं तर हिवाळाभर टिकतात. सौ.नें चार घांस खाल्ले. मग डबा हातांत घेऊन पाहत म्हणाली, "भरून आणला कीं हो."

त्यानंतर जवळजवळ रोज दहाच्या सुमारास घंटा वाजे. धुकें, दंव, वारा, गारा. सौ.च्या प्रकृतीची चौकशी बाईंनीं शब्दानें एकदांहि केली नाहीं.

मार्चअखेर आम्ही निघालों. परसांत पिवळे डॅफोडिल आले होते. बाई कुंपणाशीं आल्या, २०२२ च्या जुलैंत लिंकनशायरमध्यें पारा ४०·३ अंशांवर गेला, तो त्या देशांतला उच्चांक, त्या दिवशीं आपण सगळे पडदे ओढून ओल्या टॉवेलावर पाय ठेवून बसलों होतों, हें त्यांनीं सांगितलें आणि मग विचारलें, "तुमच्या गांवीं आतां हवा कशी असेल?" इतक्या महिन्यांत त्यांनीं आम्हांस विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्हीं चैत्राचें ऊन सांगितलें, वाळ्याचे पडदे, माठांतलें पाणी, कैरीची डाळ आणि मोगरा सांगितला. त्या ऐकत राहिल्या. मग एक पुडकें पुढें केलें. आम्हीं तें तेथल्या तेथें उघडलें. चिटाचे दोन अभ्रे, हातानें शिवलेले. "पडद्यांचं राहिलेलं कापड आहे," त्या म्हणाल्या. "थोडं विटलंय उन्हानं. आमच्या ह्या एवढ्याशा उन्हानं."

पुण्यास परतल्यावर ते अभ्रे आम्हीं माजघरांतल्या झोपाळ्यावरच्या उशांस घातले. नव्वदीच्या मावशी आल्या, हातानें चांचपून पाहिले आणि म्हणाल्या, "अगबाई, चिटाचे! कुठं मिळाली गं तुला अजून चीट?"

जूनमध्यें बाईंचें पत्र आलें. आमचें नांव त्यांनीं कधीं विचारलें नव्हतें; पाकिटावर तें एक अक्षर न चुकतां लिहिलेलें होतें. आंत चार ओळी. महिनाभर पाऊस नाहीं. सफरचंदाला फळ बरें धरलें आहे. रात्रीं भिंतीपलीकडे फार शांत असतें. सौ.नें उत्तर लिहावयास घेतलें तेव्हां बाहेर आभाळ भरून आलें होतें, पण पडत नव्हतें. "काय लिहूं?" तिनें विचारलें. मृग कोरडा गेला, आतां आर्द्रेवर भिस्त आहे, असें लिही, आम्हीं सांगितलें.